लाख लावलेली पुरचुंडी

एलादियो लास्कानोने घोडा सेबेरोच्या झोपडीपुढे थांबवला, पण तो खाली उतरला नाही. कॅनरी बेटांवरून परवा-परवा आलेल्या फाटक्या माणसाच्या अंगणात पाय टेकणं त्याला कमीपणाचं वाटे.

हा एलादियो अर्धा शेतकरी, अर्धा व्यापारी आणि पुरता घमेंडखोर. शेजाऱ्याच्या तंबाखूचं पान दोन बोटांत धरायचं, "हे गाढवाखाली अंथर" म्हणून नाक मुरडायचं, मातीमोलाने उचलायचं आणि हवानाला आपल्याच मळ्यातलं म्हणून विकायचं, हा त्याचा धंदा.

यंदा ऑक्टोबरच्या वादळाने त्याची रोपं धुऊन नेली, कोठारातलं बी कुजवलं. पेरणीला चार दिवस उरले होते. यंदा पान नसेल तर पुन्हा तोंड दाखवू नका, असं हवानाच्या कारखानदाराने बजावलं होतं. गावात कुणी एलादियोला दारात उभं करीना. उरला सेबेरो.

सेबेरोवर त्याचे उपकार होते. गेल्या वर्षी तो बी मागायला आला, तेव्हा एलादियोने बायकोला चर्चला धाडलं, स्वतः स्वयंपाकघरात गेला आणि तासाभराने लाख लावलेली पुरचुंडी घेऊन बाहेर आला. कॉफी भाजायचा तवा कुणी काढला म्हणून बायको रेमेदियोस दिवसभर कुरकुरत होती. गाव मात्र त्याच्या दानतीचं कौतुक करत राहिलं. पुढे सेबेरोचं पीक जोमाने आलं, तेव्हा एलादियोला आठवडाभर जेवण गेलं नाही.

"बी काढ," एलादियो घोड्यावरूनच म्हणाला. "तुझं कसलंही असलं तरी चालेल."

"संपलं की, मालक. वादळानंतर वीस घरांत वाटलं. शेवटची चिमूट आज सकाळी गेली."

"वीस भिकाऱ्यांना दिलंस, आणि माझी आठवण नाही झाली?"

"झाली तर! पण तुम्हाला असलं हलकं बी कसं द्यायचं?"

सेबेरो आत गेला आणि दोन्ही हातांत काहीतरी धरून आला.

"मेरीमातेच्या पायाशी जपून ठेवलं होतं. एवढं उंची बी माझ्या रेताडात टाकायचा धीर झाला नाही, मालक. मेव्हण्याकडचं साधंच पेरलं. घ्या, तुमचं तुम्हाला. उघडलंसुद्धा नाही."

लाखेवर एलादियोच्याच अंगठीचा ठसा होता. आत त्याने स्वतः कॉफीच्या तव्यावर भाजून काढलेलं बी होतं.