अंगातलं लोखंड

डॉक्टरीणबाईंनी चार कागद टेबलावर एकाखाली एक मांडले, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "तुम्ही चौघी सख्ख्या बहिणी आहात का?"

समोर शर्टांच्या कारखान्यातल्या, इस्त्रीखात्यातल्या चार बायका उभ्या होत्या. मागे मॅनेजर.

"चौघींचं हिमोग्लोबिन तेरा पूर्णांक दोन. एका टिंबाचा फरक नाही. बहिणींचंसुद्धा इतकं जुळत नाही हो."

मावशींनी मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेतला. चौघींत थोरली म्हणून सगळं खातं त्यांना मावशी म्हणायचं, आणि ही अक्कलही त्यांचीच होती. काल रक्त घ्यायला आलेला माणूस मान वर करत नव्हता. नंबर पुकारायचा आणि जे बोट पुढं येईल त्याला सुई टोचायची. तोंडाला मास्क, डोक्याला रुमाल, अंगात निळा डगला. कारखान्यातली कुठलीही बाई कुठल्याही बाईसारखी. तेव्हा मावशींनी चौघींच्या नंबरावर पॅकिंगमधल्या पैलवानाला उभं केलं. पैलवान म्हणजे बाईच, पण दोन-दोन खोकी एकदम उचलायची. दर वेळी तिनं वेगळं बोट दिलं. बोट बदललं की आकडाही बदलेल, असं पाचही जणींना वाटलं होतं.

हसण्यासारखंच आहे, पण त्यांच्या जागी असतं तर कुणीही हेच केलं असतं. गेल्या महिन्यात खात्यातली एक पोर चक्कर येऊन तापल्या इस्त्रीवर पडली. हात कोपरापर्यंत भाजला. साडेसहा किलोची इस्त्री, दहा तास, आणि टेकायला साधं स्टूल नाही. स्टुलं द्या म्हणून बायकांनी दोनदा अर्ज केले होते. मॅनेजरनं शेवटी उपाय काढला तो असा: सगळ्यांचं रक्त तपासा, आकडा दहाच्या खाली येईल तिला सोमवारपासून घरी बसवा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

"पुन्हा घ्या," मॅनेजर म्हणाला. "इथंच. माझ्यासमोर."

डॉक्टरीणबाईंनी पिशवीतून मशीन काढलं. पहिलीचं आठ निघालं. दुसरीचं सात पूर्णांक नऊ. तिसरीचं आठ पूर्णांक चार. ती आकडा ऐकूनच रडायला लागली, घरात कमावणारी ती एकटी होती. मावशींच्या बोटातून थेंब लवकर येईना. दोनदा दाबल्यावर आला.

"सात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अहो, तुम्ही उभ्या कशा आहात?"

"बसायला कुठं आहे, बाई?"

"थट्टा नको. तुमच्या अंगात लोहच उरलेलं नाही. खाता काय तुम्ही?"

"लोखंडाचे चणे," मावशी म्हणाल्या. "बारा वर्षं झाली."

पहिली बाई फिस्सकन हसली आणि लगेच गप्प झाली. मॅनेजर मात्र चिडला नाही. तो अगदी प्रेमानं बोलायला लागला, आणि तेच वाईट होतं.

"मावशी, बघा, खोटेपणा केलात, तरी मी पोलिसांत जात नाही. पण नियम तो नियम. हे काम आता तुमच्या अंगाला झेपत नाही. तुमच्याच भल्यासाठी सांगतोय. घरी बसा, पालेभाज्या खा, आराम करा. कंपनी म्हणजे काही दवाखाना नाही."

मावशींच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. बारा वर्षांत त्या इथं कुणाला अरे म्हणाल्या नव्हत्या. आजही म्हणाल्या नाहीत.

"साहेब, कामाला लावून घेताना रक्त तपासलं होतं तुम्ही. तो कागद काढा."

"त्याचा इथं काय संबंध?"

"मला बघायचाय तो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि हात पुढं केला. "चौघींचे काढा."

मॅनेजर जागचा हलला नाही. डॉक्टरीणबाईंनीही हात मागं घेतला नाही. मग त्यानं किल्ली शोधली, कपाट उघडलं, आणि शोधायला लागला तो जरा जास्तच सावकाश. फायली टेबलावर आल्या. डॉक्टरीणबाई उभ्या उभ्याच वाचत गेल्या. बारा पूर्णांक तीन. तेरा. बारा. शेवटची फाईल मावशींची होती, तिचं पान पिवळं पडलं होतं.

"तेरा पूर्णांक चार," त्या हळू म्हणाल्या. पैलवानापेक्षाही जास्त.

रडणारी रडायची थांबली. मॅनेजर घड्याळाकडे बघत म्हणाला, "वय वाढतं माणसाचं. त्याला आम्ही काय करणार?"

मावशींनी टोचलेल्या बोटावरचा कापूस काढला आणि तो त्याच्या टेबलावर, फायलींच्या शेजारी ठेवला.

"रोज सुटताना गेटवर आमच्या पिशव्या उलट्या करून बघता, साहेब. दोऱ्याचं रीळसुद्धा बाहेर जाऊ देत नाही. आम्ही चौघींनी येताना जे आत आणलं, ते बाहेर नेलेलं नाही. म्हणजे इथंच असणार कुठंतरी. शोधून द्या. मग बसतो आम्ही घरी."