हळद्याची नोंद

"घरटं आहे म्हणता, पण नेमकं कुठल्या फांदीवर?" तिने तिसऱ्यांदा विचारलं.

टेलरमास्तरांनी शिलाई मशीनवरची मान न उचलताच बोट वर केलं. "वरच्या अंगाला. पानांत आहे, नीट दिसत नाही."

पक्षी पिवळाधमक, पंख काळे, असं त्यांनी पक्षीमित्र मंडळाला पाठवलेल्या चिठ्ठीत लिहिलं होतं. आवाज कसा आहे, असं विचारल्यावर ते जरा थांबले आणि गोड आहे म्हणाले. तिने वही उघडली होती, ती तशीच मिटली.

मंडळात तिला पाठीमागे सगळे 'खोडरबर' म्हणत. तीस वर्षं प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून काढलेली बाई. निवृत्तीनंतर मंडळाची नोंदवही तिच्याकडे आली. दर रविवारी वाचनालयाच्या माडीवर मंडळी जमायची आणि आठवड्यात कोणाला काय दिसलं ते सांगायची. वसंत सरत आला की घरट्यांच्या बातम्यांना नुसता ऊत यायचा, आणि त्यातल्या निम्म्या तिच्या हातून वहीबाहेर जायच्या. दातांच्या डॉक्टरांना एकदा गरुड दिसला होता. तिने तो घार ठरवला. डॉक्टर महिनाभर तिच्याशी बोलले नव्हते.

वाचनालयाच्या दारात मंडळाचा एक फलक होता. त्यावर तीन दुर्मीळ पक्ष्यांची चित्रं, नावं आणि खाली सूचना: यांपैकी कोणाचं घरटं आढळल्यास कळवा; पिल्लं उडेपर्यंत ते झाड तोडता येत नाही. त्या तिघांतल्या हळद्याने गावात अकरा वर्षांत घरटं केलं नव्हतं. आणि आता तो सापडला होता मास्तरांच्या दुकानासमोरच्या तुतीवर. रस्ता रुंद करायला ती तुती तोडायची होती, आणि तोडायला आठच दिवस उरले होते.

"वेळ बरी साधली पक्ष्याने," डॉक्टर रविवारी म्हणाले. कोणीतरी हसलं. ती हसली नाही.

दुकानाच्या वरच्या खोलीत मास्तरांची आई दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती. खिडकीतून तिला दिसायचं ते एवढं एक झाड. हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, खोडरबरलाही होतं. तिचा जीव तुटला नाही असं नाही. पण एक खोटी नोंद वहीत गेली की बाकीच्या हजार नोंदींना काही अर्थ उरत नाही, असं ती स्वतःच नव्या सभासदांना सांगत आली होती.

सोमवारी सकाळी ती रस्त्यापलीकडच्या दवाखान्याच्या गच्चीवर दुर्बीण रोवून बसली. पहिला दिवस चिमण्या आणि कावळ्यांत गेला. दुसराही तसाच. खाली मास्तर दुकान उघडायचे, एकदा गच्चीकडे बघायचे आणि मग दिवसभर मान खाली. झाडाकडे तर चुकूनही नजर टाकायचे नाहीत. पक्षी बुजू नये एवढी समज या माणसाला आहे, याचं तिला कौतुक वाटलं.

तिसऱ्या सकाळी तिने मास्तरांच्या चिठ्ठीवर काट मारायला पेन्सिल काढून ठेवली होती. तेवढ्यात कोणीतरी बासरीत हलकी फुंकर मारावी तसा आवाज आला. रस्त्याच्या बाजूची पानं हलली आणि मधून पिवळा रंग सरकला. दोन डहाळ्यांच्या बेचक्यात झोळीसारखी वाटी टांगलेली होती. तिच्यातून दुकानातल्या निळ्या दोऱ्याचं एक टोक खाली लोंबत होतं. आत मादी बसलेली.

थर्मासच्या झाकणात ओतलेला चहा गार झाला. आपली काही चूक होत असेल म्हणून ती आणखी तासभर बघत राहिली. मग तिने पेन्सिल बाजूला ठेवून पेनने नोंद केली.

झाडाखाली गर्दी झाली तर पक्षी घरटं सोडून जाईल, म्हणून कोणी तिकडे फिरकायचं नाही, असं तिने मंडळात बजावलं. कोणी पुरावा मागितला नाही. खोडरबरने लिहिलंय म्हणजे आहेच, असं खुद्द डॉक्टर म्हणाले. नगरपालिकेने काम थांबवलं. बसून राहिलेल्या इंजिनिअरने मधल्या काळात नकाशा पुन्हा काढला, तेव्हा लक्षात आलं की रस्ता पलीकडे सरकवला तर एक पडकी भिंत तेवढी पाडावी लागते. चौथ्या आठवड्यात पत्र आलं. तुती कायमची वाचली.

त्याच संध्याकाळी मास्तर तिच्या घरी आले. दुर्बिणीसाठी त्यांनी जाड कापडाचं, दुहेरी शिवणीचं कव्हर शिवून आणलं होतं. पत्र आईला वाचून दाखवलं, तिने ते दोनदा वाचायला लावलं, असं त्यांनी सांगितलं. ते खुर्चीच्या कडेवर अवघडून बसले होते.

"बाई, तुम्ही कधी खोटं लिहीत नाही असं सगळे म्हणतात," ते म्हणाले. "माझ्या आईसाठी लिहिलंत. हे उपकार मी विसरणार नाही."

"खोटं? कुठलं खोटं?"

तिला संकोच वाटतोय असं समजून मास्तर हसले. "इथे आपण दोघंच आहोत. फलकावरच्या तीन नावांतलं हळद्या तेवढं मला बिनचूक लिहिता येईलसं वाटलं, म्हणून ते लिहिलं. तुम्ही गच्चीवर येऊन बसलात तेव्हा तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. अजूनही त्या झाडाकडे बघायची लाज वाटते."

तिने हातातलं कव्हर टेबलावर ठेवलं. मग हळू आवाजात म्हणाली, "मास्तर, तीन पिल्लं आहेत. आज सकाळी त्यातलं एक घरट्याच्या काठावर येऊन बसलं होतं."

मास्तर खुर्चीतून अर्धवट उठले.

"म्हणजे... तो खरंच आहे?"