सवतीचं फोल्डर

फोल्डर उघडत नव्हतं. वरची हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. कॉम्प्युटरपुढं खुर्ची एकच, म्हणून सात वर्षांची राजनंदिनी शिवकन्येच्या मांडीवर गुमान बसली होती. फोल्डरचं नाव अर्पिता. पोरीची वारलेली आई.

बोहल्यावर चढायच्या आधी सासूनं शिवकन्येच्या गळ्यात अर्पिताच्या नावाचा चांदीचा टाक घातला होता. दुसरेपणावर आलेल्या बाईला तो घालावाच लागतो. त्याचं तिला काही वाटलं नाही. गळ्यातली सवत निदान गप असते. ही पडद्यावरची रोज हसत यायची. वाटूरच्या शेतात हसायची, मस्तगडच्या दुकानात साडी अंगाला लावून हसायची. आणि पोर शिवकन्येच्या मांडीवर बसून तिला बघायची. वर शिवकन्येला अजून 'मावशी'च म्हणायची.

फोल्डरचं दुखणं कुठं आहे ते शिवकन्येला पहिल्याच दिवशी कळलं होतं. लग्नाआधी ती परतूरला कॉम्प्युटर क्लासात शिकवायची. फोल्डर सेटिंगमध्ये 'पिक्चर्स'साठी लावलेलं. त्यापायी कॉम्प्युटर हजारो फोटो एकेक करून तपासत बसायचा. ते 'जनरल' केलं की झालं. तिनं केलं नाही.

"हार्ड डिस्क म्हातारी झाली," असं ती नवऱ्याला सांगायची. बद्रीनाथ मान डोलवायचा. जितका उशीर, तितका वेळ सवत दाराबाहेर उभी.

आज पट्टी टोकाला पोचली आणि लाइट गेली. आता पोर भोकाड पसरणार, शिवकन्येला वाटलं.

"जाऊ दे, मावशी. लाइट आल्यावर बघू," राजनंदिनी म्हणाली, आणि अंधारल्या पडद्यापुढं तशीच बसून राहिली.

आईची वाट बघायची इतकी सवय लागावी लेकराला? मेलेल्या बाईला ताटकळत ठेवून आपण मिळवलं काय?

लाइट आली, कॉम्प्युटर सुरू झाला, तशी तिनं फोल्डरवर राइट क्लिक केलं, प्रॉपर्टीज उघडलं, 'पिक्चर्स'चं 'जनरल' केलं.

"बघ आता."

पापणी लवायच्या आत फोल्डर उघडलं. सगळीच्या सगळी अर्पिता एकदम समोर आली, हसत. शिवकन्येनं दातांखाली ओठ धरला.

राजनंदिनीनं पडद्याकडं पाहिलंच नाही. ती मागं वळली. तिचे डोळे डबडबले होते.

"आता रोज इतक्या जल्दी उघडंल?"

"हो गं बाई. बिलकुल थांबायचं काम न्हाई."

पोरीनं तिचा पदर मुठीत घट्ट धरला.

"मंग तू मला मांडीवर कवा घेशील?"