तांबडा पट्टा

१९२६ साली बातमी आली की, नव्या सडकेच्या खडीसाठी कणकुंबीच्या जुन्या वाटेवरचे वीरगळ फोडणार. माझा जीव थाऱ्यावर राहिना. शाळा बुडवून मी बेळगावहून निघालो आणि लढाईत पडलेल्या वीरांच्या सात कोरीव शिळा हुडकल्या. नंतर संग्रहालयात न्यायला येऊ तेव्हा ओळखता याव्यात म्हणून प्रत्येकीवर तांबडा पट्टा ओढला. परतताना वाटेतल्या एका धोंड्याला कुंचला पुसला.

गाडी मिळायला दिवाळी उजाडली. तोवर रोज वर्गात शिकवताना वाटायचं, आज फुटल्या असतील.

गेलो, तर साती शिळा जागेवर! धावत जाऊन पहिलीला हात घातला, तसा गाडीवान भरमा ओरडला, "मास्तर, आधी चपला काढा!"

पट्ट्यावर शेंदराचा थर होता, गळ्यात झेंडूची माळ, पुढं नारळाची भकलं.

"उचल रे," मी म्हणालो.

"म्या न्हाय उचलत. देव परगट झालाय हितं."

"अरे, तो रंग मीच लावलाय!"

"व्हय? मग देवानंच तुमच्या हातनं लावून घेतला म्हनायचा," म्हणत त्यानं हात जोडले.

रिकामी गाडी त्यानं नव्या सडकेला घातली. सरळसोट सडक एका ठिकाणी अचानक मोठा वळसा घालून गेली होती.



वळशाच्या आत, पितळी घंटेखाली, माझा कुंचला पुसलेला धोंडा होता.