पाहुणीसाठी हिरवा भात

"पान ओलं राहिलं तर सुरीखाली त्याचा चिखल होतो," पद्माकररावांनी ऋताला सांगितलं. "म्हणून आधी टिपून घ्यायचं. घाई करायची नाही."

आठ वर्षांची ऋता पंच्यावर पसरलेला शेपू काडी-काडी करून टिपू लागली. शेजारी कोथिंबीर, पार्सली आणि कांद्याची पात होती. सिंगापूरच्या सेंगकांगला घराखालीच बाजार असताना आजोबा या जुड्यांसाठी दर शनिवारी एमआरटीने, म्हणजे तिथल्या मेट्रोने, तासभर लांब जात.

"आजोबा, सो मच वर्क लाह. जस्ट फॉर राइस," ती शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत कुरकुरली.

"भात कुणासाठी आहे त्यावर ते ठरतं, बाळा."

सिंकपाशी उभ्या असलेल्या ऋताच्या आईने, प्रणिताने हसू दाबलं. तिच्या सासऱ्यांनी पुण्यात चाळीस वर्षं शाळेत शिकवलं होतं, पण चहासुद्धा कधी केला नव्हता. सासूबाई गेल्यावर पाच वर्षं ते डब्यावर जगले. मग सिंगापूरला मुलाकडे आले आणि तीन महिन्यांपूर्वी त्यांना लिफ्टमध्ये सातव्या मजल्यावरच्या फरीदेबाई भेटल्या. हसऱ्या, विधवा, हातात हिरव्या पाल्याची पिशवी. बाबांनी पाल्याची नावं विचारली. तेव्हापासून दर बुधवारी दुपारी इराणी स्वयंपाकाची शिकवणी. बाबा शीळ घालू लागले. त्यांनी तीन नवे शर्ट घेतले.

पुढच्या महिन्यात त्यांचा सिंगापूरला राहण्याचा पास संपत होता. मग पुण्यातला तो रिकामा फ्लॅट आणि पुन्हा डबा. प्रणिताला ते नको होतं. आज जेवताना बाबा काहीतरी सांगणार होते, आणि काय ते तिला ठाऊक होतं. अडचण एकच होती, तिचा नवरा शिरीष.

"त्या इराणी बाईंना मी आई म्हणायचं?" त्याने सकाळीच विचारलं होतं.

"फरीदे म्हण. त्यांना चालेल."

"अगं, माणूस बहात्तर वर्षांचा आहे."

"म्हणूनच तर. अजून किती थांबायचं त्यांनी?"

म्हणून तिने आपल्या आईलाही जेवायला बोलावलं होतं. मुकुलच्या, म्हणजे प्रणिताच्या भावाच्या बाळाला सांभाळायला आई चार महिन्यांपासून सिंगापूरमध्येच, तासाभरावरच्या क्वीन्सटाउनला होती; प्रणिताचे वडील गेल्यापासून ती एकटी होती. आई समोर असली की शिरीष वाद घालत नसे. शिवाय आईच्या वडिलांच्या नोकरीपायी तिचं लहानपण इराणात, अबादानला गेलं होतं. तिला त्या लोकांची माहिती होती.

"इराणी माणसं कशी असतात गं?" प्रणिताने तिला काल फोनवर विचारलं होतं, आणि मग सगळंच सांगून टाकलं होतं.

"माणसं चांगली असतात," आई म्हणाली. "पण या वयात कुणी पुन्हा संसार मांडला, तर तुला खरंच चालेल?"

"चालेल काय, मी स्वतः अक्षता टाकेन."

"बरं," म्हणून आईने फोन ठेवला. तिला हे पटलेलं नसावं, असं प्रणिताला वाटलं.

पद्माकररावांनी अर्धवट शिजलेला तांदूळ निथळला. पातेल्याच्या तळाला तेल, त्यावर भाताचा थर, मग चिरलेल्या पाल्याचा, पुन्हा भाताचा. झाकणाला फडकं गुंडाळून त्यांनी गॅस बारीक केला.

"आता उघडून बघायचं नाही," त्यांनी ऋताला बजावलं. ती आत खेळायला गेल्यावर ते हळूच म्हणाले, "प्रणिता, तुला कळलंय ना सगळं?"

"कळलंय, बाबा."

"नात्यांचा जरा गुंता होईल."

"होऊ दे की."

"लोक हसतील."

"हसू देत. आपल्याला काय त्यांच्या घरी जेवायला जायचंय?"

"आणि शिरीष?"

"त्याला मी बघते. तुम्ही फक्त बोला."

बाबांनी चष्मा काढून पुसला. "पोरी, फार मोठं ओझं उतरवलंस," ते म्हणाले आणि शर्ट बदलायला गेले.

एक वाजता फरीदेबाई दह्याचं भांडं घेऊन आल्या. पाठोपाठ आई आली. इतक्या उकाड्यात तिने नवी इरकल नेसली होती. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या आणि समोरासमोर बसल्या. आई सारखा पदर सावरत होती. शिरीष फोनमध्ये डोकं घालून होता. ऋता मात्र सगळ्यांना पाला कसा टिपायचा ते समजावत होती.

पद्माकररावांनी पातेलं थाळीवर उपडं केलं आणि अलगद उचललं. हिरवागार भात आणि त्यावर तळाची खरवड, अखंड, सोनेरी. फरीदेबाईंनी टाळी वाजवली.

"आमच्याकडे ही खरवड सगळेच मागतात," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "पण पहिला तुकडा कुणाला द्यायचा, ते रांधणारा ठरवतो. ज्याच्यासाठी रांधलं, त्याला."

बाबांनी चमच्याने खरवड मोडली. सगळ्यात मोठा तुकडा ताटलीत घेतला. प्रणिताने टेबलाखालून शिरीषचा पाय दाबला. बाबा फरीदेबाईंच्या खुर्चीपाशी आले, क्षणभर थांबले, वाकून त्यांना "थँक यू, टीचर" म्हणाले आणि टेबलाला वळसा घालून पलीकडे गेले.

प्रणिताच्या आईने पुढ्यात आलेल्या ताटलीतला तुकडा मोडला, सावकाश चावला आणि मान वर केली.

"अगदी अबादानसारखी झाली आहे, पद्माकर," ती म्हणाली. "आता मुलांना तुम्ही सांगताय, की मी सांगू?"