सामाईक सळई

वरच्या गॅलरीच्या स्लॅबमधून गंजकी सळई लोंबायला लागली, तेव्हा खालच्या वहिनींनी सेक्रेटरींना बोलावलं. त्यांनी मान वर करून निवाडा दिला, “फरशी वरच्या काकांची, प्लास्टर तुमचं, मधली सळई सगळ्यांची.” “मग दुरुस्त कोण करणार?” “सगळे मिळून बघून ठरवू,” म्हणत ते वर गेले. सासरे सळईखालीच चहा घेत बसले होते. “बाबा, आधी उठा!” “माझ्याच गॅलरीतून मी का उठू? सळईला सांग.” तोवर वर चपला वाजू लागल्या. झाडून सगळे मालक काकांच्या गॅलरीत जमले. “अहो, एकेकजण या! पडेल गॅलरी!” वहिनी ओरडल्या. “सळई सामाईक आहे, वहिनी. कुणाला अडवणार?” सेक्रेटरी म्हणाले. “मागच्यांनो, पुढे सरका!” छत करकरलं. पांढरी भुकटी भुरभुरली. वहिनींनी सासऱ्यांचा दंड धरला. त्यांनी हात सोडवून घेतला आणि चहावर बशी झाकली.