ढाब्यावरचा सीन

"ढाब्यावरचा सीन कसा वाटला?" गिल्बर्टने विचारलं.

पॉपकॉर्नचा रिकामा डबा चुरगाळत निघालेला टी-शर्टवाला थांबला. "कुठला सीन, अंकल?"

"ड्रायव्हर जेवायला बसतो तो. घास खाली जात नाय. रडतो."

"हां, तो! तो कापायलाच पाहिजे होता. फुल बोअर. पहिल्या पार्टमध्ये कसा हसत हसत उडवत सुटलेला! मध्येच सेंटी काय होतो?"

तो निघून गेला. गिल्बर्टने मान हलवली, जणू असंच काहीतरी ऐकायला मिळणार हे त्याला ठाऊक होतं.

डोंबिवलीतल्या त्या थिएटरचा दुपारचा शो नुकताच सुटला होता. 'मागचं चाक'चा दुसरा भाग लागून आठवडा झाला होता. पहिल्या भागात चार माणसं चिरडून तो खुनी ट्रकवाला दरीत कोसळला होता. लोकांना तो इतका आवडला, की निर्मात्याने त्याला दरीतून वर काढला आणि या वेळी नऊ माणसं त्याच्या चाकाखाली घातली. हल्ली मेलेल्याला उठवायला देव लागत नाही, प्रेक्षक पुरतात.

गिल्बर्टने हा भाग पाच वेळा पाहिला होता. ठाण्यात घराजवळ थिएटरं असताना तो शीळफाट्याला बस बदलून इथवर यायचा. ठाण्यात ओळखीचे फार. एकसष्टीचा माणूस असले सिनेमे बघतो म्हटल्यावर चारचौघं चार तोंडांनी बोलणार. खरं तर खुनांच्या वेळी तो डोळे गच्च मिटून घ्यायचा. तो यायचा ढाब्यावरच्या त्या एका मिनिटासाठी, आणि शो सुटल्यावर बाहेर उभं राहून लोकांना विचारण्यासाठी. एकाने तरी म्हणावं, मला त्या ड्रायव्हरचं वाईट वाटलं. एकानेच. अजून कुणीही म्हणालं नव्हतं.

दाराशी करिश्मा माइक घेऊन उभी होती. तिचं यूट्यूब चॅनल होतं. बाहेर पडणाऱ्या माणसाला अडवून सिनेमा कसा वाटला ते विचारायचं, हा तिचा उद्योग. आता तिने एका साडीतल्या बाईंना धरलं होतं. बाईंचा चेहरा मायाळू होता. गिल्बर्ट जवळ सरकला.

"भीती वाटली," बाई सांगत होत्या. "रस्ता ओलांडताना आता आधी ट्रकच दिसणार मला."

"आणि ढाब्यावर रडतो तेव्हा?" गिल्बर्टने मध्येच विचारलं.

बाई विचारात पडल्या. गिल्बर्टने मान पुढे केली.

"नाटकं हो," बाई म्हणाल्या. "ज्याच्या घरचं माणूस गेलं त्याने रडावं. याला काय झालंय रडायला?"

गिल्बर्ट पायरीवर बसला. त्याला एकदम फार थकल्यासारखं झालं. गर्दी पांगल्यावर करिश्मा पाण्याची बाटली घेऊन त्याच्याशेजारी येऊन बसली.

"काका, परवा पण आलेलात ना तुम्ही? सगळ्यांना तो एकच सीन विचारता. काय आहे त्यात?"

गिल्बर्ट पाणी प्यायला. बाटलीचं झाकण त्याने घट्ट लावलं.

"आमचा नेविल ट्रकखाली गेला," मग तो म्हणाला. "बावीस वर्षांचा होता. दोन वर्षं झाली."

"अरे देवा. सॉरी, काका. हायवेला?"

"आमच्याच गल्लीत. नाताळ दोन दिवसांवर आलेला. गल्लीत बाळ येशूचा गोठा बांधायचा होता, त्याला लागणारी माती घेऊन ट्रक मागे मागे येत होता. नेविल मागे उभा. त्याने थांब म्हणून ट्रकच्या मागच्या फाळक्यावर हात मारला. पण कॅरलची गाणी लावलेली, स्पीकर मोठा. ड्रायव्हरला वाटलं, ये म्हणतोय."

"प्यायलेला असणार."

"थेंब नाय," गिल्बर्ट इतक्या चटकन म्हणाला की करिश्माने वळून पाहिलं.

"मग त्याला शिक्षा?"

"केस झाली. थेल्माने, म्हणजे नेविलच्या आईने, कोर्टात सांगितलं, आमची तक्रार नाय. एक गेला तेवढं पुरे म्हणाली. कोर्टाने सोडला."

"ग्रेट आहेत आंटी. मी नसता सोडला."

"तिनेही नाय सोडला, बाय. कोर्टाने सोडला."

करिश्माचे डोळे भरून आले. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, असं ती पुटपुटली. मग तिने विचारलं, "म्हणून तुम्ही तो सीन बघता? त्याला माफ करता येतं का, ते बघायला?"

"जमलं तर बरं झालं असतं," गिल्बर्ट म्हणाला.

"आता कुठे असतो तो?"

"गल्लीतच राहतो. थेल्माच्या घरापासून दोन घरं सोडून."

"म्हणजे रोज त्याचं तोंड बघता तुम्ही?"

"बघावं लागतं."

करिश्मा ताडकन उठली. तिला राग आला होता. कुणाचा मुलगा जातो आणि मारणारा दोन घरं सोडून मजेत राहतो, हे तिला सहनच होईना. तिने मोबाइल स्टँडवर चढवला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि माइक गिल्बर्टच्या हातात दिला.

"असं गप्प बसू नका, काका. लोकांना कळू दे. त्याचं नाव घ्या. बाकी काही बोलू नका, फक्त नाव."

गिल्बर्ट उभा राहिला. शर्टाचं वरचं बटण त्याने लावलं. माइक त्याने दोन्ही हातांनी धरला.

"गिल्बर्ट परेरा," तो म्हणाला.

"तुमचं नाही, काका. ड्रायव्हरचं."

"ड्रायव्हरचंच सांगितलं, बाय."